मुलाबाळांसह गिरगाव, लालबाग आणि दादर

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली, म्हणजे बदलापूर, डोंबिवली, विरार, पनवेल अशा दूरच्या वस्त्यांतून सकाळच्या गाडीने मुंबईत उतरणाऱ्या कुटुंबांची संख्या एकाएकी वाढते. आजोबांच्या हाती पाण्याची बाटली, आजीच्या पिशवीत दशम्या व लिंबाचे लोणचे, आईच्या कडेवर धाकटे मूल आणि वडिलांच्या पुढे पळणारे थोरले, असा हा संच असतो. ही मंडळी मुंबईत पाहुणी म्हणून येतात खरी. परंतु त्यांपैकी कित्येक आजोबांचे बालपण लालबाग-परळच्या चाळींतच गेलेले असते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि एका खोलीतील बिऱ्हाडे हळूहळू लोहमार्गाच्या टोकांकडे सरकत गेली. म्हणून या कुटुंबांच्या सहलीस एक निराळेच अंग असते. नातवास वाघ पाहावयाचा असतो आणि आजोबांस आपली गल्ली.

या दोन इच्छांची सांगड एका दिवसात घालावयाची, तर काय पाहावे यापेक्षा कोठे बसावे व कोठे जेवावे याचाच विचार आधी केला पाहिजे. सामान्यतः होते याच्या उलट. सकाळी गेट वे, दुपारी राणीची बाग, मग सिद्धिविनायक आणि सायंकाळी चौपाटी, असा बेत आखला जातो. दुपारी तीनच्या सुमारास मूल रडू लागते, आजी एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसकण मारते, आणि उरलेले पैसे टॅक्सीवाल्यास द्यावे लागतात. यापेक्षा एका दिवशी शहराचा एकच तुकडा घ्यावा: एक तर भायखळा-लालबाग, नाही तर गिरगाव, नाही तर दादर. लहान मुलाचे पाय आणि वृद्धांचे गुडघे यांस जेवढे झेपेल तेवढीच सहल.

मुलांच्या दृष्टीने पहिला मान राणीच्या बागेचा. भायखळा स्थानकाच्या पूर्वेस उतरून तेथे पायी जाता येते. १८६२ साली ही बाग लोकांस खुली झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव दिले गेले, तरी 'राणीची बाग' हे नाव काही लोकांच्या तोंडून सुटले नाही. पूर्वी तेथे मुलांस हत्तीवर बसवून फेरी मारून आणीत, आणि आजच्या आजोबांच्या आठवणीत ती फेरी अजून ताजी असते. आजच्या मुलांचे आकर्षण म्हणजे पेंग्विन पक्षी. दक्षिण अमेरिकेतील पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या हम्बोल्ट जातीचे हे पक्षी जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आणले गेले आणि मार्च २०१७ पासून लोकांस पाहावयास मिळू लागले. काचेपलीकडे पोहणारा पेंग्विन मुलाच्या नाकासमोरून सुळकन निघून जातो, तेव्हा त्या मुलास तेथून हलविणे कठीण होते. मोठ्या माणसांनी मात्र बागेतील वृक्षांकडेही पाहावे. गोरखचिंचेचे अवाढव्य खोड आणि उर्वशीचा लाल-पिवळा फुलोरा यांसाठी कोणी तिकीट काढीत नाही. पण तिकिटाचे पैसे खरे फिटतात ते त्यांच्याच सावलीत.

तिकिटाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. २०१७ साली पेंग्विन आल्यानंतर मोठ्या माणसाचे पाच रुपयांचे तिकीट एकदम पन्नास रुपयांवर गेले. आईवडील व दोन मुले यांस मिळून शंभर रुपयांचे तिकीट ठेवण्यात आले, हा त्यातल्या त्यात विचारीपणा. दर वाढले तरी रविवारची गर्दी ओसरली नाही, हे खरे. तथापि शेजारच्या वस्तीतील बाईने दुपारी घटकाभर दोन मुलांस सावलीत खेळवून न्यावे, ही जुनी सोय होती, ती मात्र गेली. सार्वजनिक बागेचे मोल तिकीट काढून येणाऱ्यांच्या संख्येवरच करावयाचे असेल, तर अशा बाईची नोंद कोठेच होणार नाही. बाग बुधवारी बंद असते आणि बुधवारी सार्वजनिक सुटी आल्यास ती उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे बंद दारापाशी मुलाची समजूत घालण्याचा प्रसंग येणार नाही.

बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. २ मे १८७२ रोजी ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावाने उघडले आणि १९७५ साली त्यास भाऊ दाजींचे नाव मिळाले. आतील मातीच्या लहान लहान बाहुल्या, होड्या व जुन्या मुंबईच्या प्रतिकृती मुलांस आवडतात. परंतु त्याहूनही आवडावी अशी वस्तू बाहेर उभी आहे. ती म्हणजे घारापुरीचा दगडी हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्यास इंग्लंडात नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून १९१४ साली त्यास पुन्हा उभे करण्यात आले. नातवास सांधे शोधावयास लावावे, म्हणजे आजोबांस तेवढाच विसावा मिळतो.

बागेतून उत्तरेकडे बसने थोडे गेले की लालबाग. येथे पाहण्यासारखे काय, असे नवखा मनुष्य विचारील. गणेशोत्सवात तो असे विचारणार नाही; गणेश गल्लीतील उत्सव १९२८ पासूनचा आणि 'लालबागचा राजा' १९३४ पासूनचा. परंतु कडेवर मूल असताना त्या दिवसांतील रांगेत उभे राहू नये, हेच शहाणपणाचे. इतर दिवसांत लालबाग नाकाने पाहावयाची असते. मे महिन्यात मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्यांचे ढीग लागतात, डंकावर मसाला कुटला जातो, आणि चिवडा गल्लीत कढईतून उतरलेल्या पोह्यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. 'लाडू सम्राट'मध्ये गरम वडा खाऊन लाडवांचा पुडा बांधून घ्यावा, हा येथील पुष्कळांचा रिवाज आहे. परतीच्या वाटेवर मुलांस बसावयास जागा हवी असल्यास परळ स्थानकातूनच सुटणाऱ्या मध्य रेल्वेच्या धिम्या गाड्यांची वेळ पाहून ठेवावी.

या भागात थोडक्या पैशांत पोटभर खावयास मिळते, यामागे इतिहास आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेला कामगार बायकोमुलांस गावी ठेवून येथे एकटा राही. एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. त्यांची जेवणे कामगार वस्तीतील बायका आपल्या चुलीवर रांधून घालीत आणि महिन्याच्या पगाराला हिशेब करीत. त्या हिशेबात सावकाराचे व्याज फार जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांस बँकेचे कर्ज मिळण्याची वाट करून दिली. पाळी सुटल्यावर धावतपळत हातात धरून खाता येईल असा वडापाव दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी प्रथम विकला, असे सांगतात. आज सहलीस आलेले मूल जो वडापाव हट्टाने मागते, तो मुळात सहलीचा पदार्थच नव्हे. वेळ नसलेल्या माणसाचे ते जेवण होते.

गिरगावास चर्नी रोड स्थानकावरून जाता येतेच. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानकही उघडले आहे. सकाळ खोताच्या वाडीत घालवावी. लाकडी जिने, सज्जे आणि कौलारू छपरे यांची ही वाडी दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र ही लोकांची राहती घरे आहेत, प्रदर्शन नव्हे. दुसऱ्याच्या ओट्यावर मुलास बसवून छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. मासळीच्या जेवणासाठी येथील 'अनंताश्रम' एके काळी विख्यात होता. तो आता बंद झाला आहे, तेव्हा त्याच्या आशेने कोणी भुकेल्या मुलांस त्या गल्लीत नेऊ नये. जवळच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. मुंबईतील तो पहिला.

मिसळीसाठी ठाकूरद्वारचे 'विनय हेल्थ होम' अनेक पिढ्यांच्या ओळखीचे. मिसळ किती तिखट हवी हे मुलास विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. ती येथे पाडावी आणि त्याच्यापुढे थालीपीठ व दही ठेवावे. एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय स्त्रीने उपाहारगृहात बसून खाणे शिष्टसंमत नव्हते. पुरुष आत बसत आणि घरी पुडा नेत. पुढे काही ठिकाणी पडदा लावून 'फॅमिली रूम' निघाल्या, आणि त्या पडद्याआड कुटुंबाने एकत्र बसून खाण्याची सवय हळूहळू मुरली. आजीस मिसळ तिखट लागो वा न लागो, ती नातवाच्या शेजारी उजेडात बसून ती खात असते, हे तिच्या आजीस साधले नसते.

दुपारच्या उन्हात लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवन बरे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तेथे उतरत. त्यांच्या आयुष्यातील प्रसंग लहान बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत, आणि ते पाहताना वाचता न येणारे मूलही कंटाळत नाही. तारापोरवाला मत्स्यालय दाखविण्याचे वचन मात्र कोणा आजोबांनी देऊ नये. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय २०२० मध्ये बंद झाले. मासे पाहण्याची हौस असलेल्या मुलास चौपाटीवर न्यावे आणि पाणी ओसरल्यावर वाळूतील खेकड्यांची बिळे दाखवावीत.

चौपाटीस कमीत कमी दोन तास द्यावेत, आणि ते सायंकाळचे. वाळू फुकट आहे, आणि मुलास तीच सर्वांत अधिक आवडते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे पार्थिव येथेच अग्नीस दिले गेले. त्यांचा पुतळा तेथे आहे. भेळ सर्वांनी खावी, पण समुद्रात पोहण्याचा मोह आवरावा. पाणी स्वच्छ नाही. समोरच्या बाजूस 'न्यू कुल्फी सेंटर'मध्ये कुल्फी तराजूत तोलून तिचे तुकडे करून देतात. कोणाच्या पानावर किती ग्रॅम, यावरून भावंडांत वाद झाल्यास तराजू समोरच असतो.

दादरविषयी फार सांगावयास नको, कारण तेथे येणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे दादर असते. शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले आणि १९२७ साली त्यास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा कट्टा ही या शहरातील वृद्धांची सर्वांत मोठी बैठक होय, आणि तिला भाडे नाही. आजोबांस तेथे बसवावे, मुलांस चेंडू द्यावा. जेवणाच्या बाबतीत मात्र दादरास घड्याळ पाहून वागावे. 'आस्वाद'च्या मिसळीस २०१५ साली लंडनमध्ये जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविले गेले. त्यापूर्वीही तेथे रांग होती, पुढे ती अधिक लांबली. बारा वाजण्यापूर्वी किंवा तीन वाजल्यानंतर गेल्यास लहान मुलास उभे राहावे लागत नाही. 'प्रकाश'मधील साबुदाणा वडा व पियूष हा आजीच्या उपवासाच्या दिवशी उत्तम तोडगा. मासळी खाणाऱ्यांसाठी मालवणी खानावळी आहेत. तेथे मुलांसाठी सोलकढी वेगळी व बिनमिरचीची सांगावी.

सुटीत दादरच्या शिवाजी मंदिरात बालनाट्याचा प्रयोग असला, तर बाकीचा बेत रद्द करून त्यास जावे. १९६५ पासून हे नाट्यगृह उभे आहे. रत्नाकर मतकरी यांचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा ज्यांनी लहानपणी चेटकीण पाहून डोळे मिटले होते ते आपल्या नातवंडांस घेऊन आले. काळोखात चेटकीण आली की अर्धी मुले ओरडतात, अर्धी आजीच्या पदराआड जातात. मध्यंतर होताच सर्व गर्दी बटाटेवड्याकडे धावते; म्हणून पडदा पडण्याच्या आधीच वडिलांनी उठून रांगेत उभे राहावे.