गाळ कुठे टाकायचा?



मी पाण्याचा रसायनज्ञ. उपदेश जमत नाही, माहीत आहे तेवढंच सांगतो.

हरभऱ्याला मर लागते. उभं पीक वाळताना तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाहिलं असेल. ती आणणारी बुरशी म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी याच जातीची बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली आणि चांदीचे काही नॅनोमीटरचे कण मिळवले. हे 2003 साली प्रसिद्ध झालं. भट्टी नाही की जहाल रसायन नाही. पिकाची वैरीण सोनारकामाला लागली, म्हणा ना!

पाणी शुद्ध करायला मात्र चांदीपेक्षा लोखंड कामाचं. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना एक जीवाणू सापडला. 1987 मध्ये त्यांनी त्याच्याविषयी लिहिलं. आपण प्राणवायूवर जगतो, हा गंजावर. त्यातून तो मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणारे, अतिसूक्ष्म कण तयार करतो. त्याच्या भाऊबंदांनी केलेले कण पुढे मँचेस्टर विद्यापीठात क्रोमियमवर वापरून पाहिले गेले. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. कणातलं लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देतं, संयुजा तीनवर येते, विरघळणं जवळपास थांबतं आणि ते कणावरच बसून राहतं. मग चुंबक लावून कण ओढून घ्यायचे.

इथपर्यंत छान. आता माझी फजिती ऐका.

पंधराएक वर्षांपूर्वी मी पाल्याच्या अर्कात लोहकण केले. ऊर्ध्वपातित पाण्यात आर्सेनिक घालून तपासले, तर जवळजवळ सगळं आर्सेनिक गायब. पेढे वाटले. मग पश्चिम बंगालमधल्या एका हातपंपाचं पाणी मागवलं आणि निकाल कोसळला. त्या पाण्यात फॉस्फेट होतं. त्याची घडण आर्सेनिकच्या आर्सेनेट या रूपासारखीच. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा त्यानं कणांवरच्या जागा आधीच धरल्या होत्या. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठायला मग कितीतरी जास्त कण ओतावे लागले. तितकाच जास्त गाळही साचला.

खरी गोम त्या गाळात आहे. आर्सेनिक मूलद्रव्य आहे. ते जळून संपत नाही, कुजून संपत नाही, फक्त पत्ता बदलतं. बंगालच्या भूजलात ते आलं तेही असंच. नदीनं आणलेल्या गाळात ते लोखंडाला चिकटून निमूट होतं. जमिनीखाली हवा संपली, गंजावर जगणाऱ्या जीवाणूंनी ते लोखंड विरघळवलं आणि आर्सेनिक मोकळं झालं. म्हणजे क्रोमियम पकडून देणाऱ्याचेच हे सोयरे! आमचा गाळ ओल्या, बंद खड्ड्यात पुरला तर तेच पुन्हा होणार. प्रबंधांमध्ये शोषणाचे आलेख पानोपानी असतात. गाळाला बहुधा एक परिच्छेद. माझ्या प्रबंधिकेत तोही नव्हता.

माझ्या गाळाची बाटली अजून कपाटात आहे, झाकणाला मेण लावलेली. गेल्या महिन्यात प्रयोगशाळा आवरताना एका विद्यार्थिनीनं ती उचलली आणि विचारलं, "सर, टाकून देऊ?"

मी म्हणालो, "कुठे?"

आजच्या पदवीदानासाठी ती या सभागृहात आहे. पदवी घेतल्यावरही तिनं बाटली परत केलेली नाही.