सर्टिफिकेट भिंतीवर टांगायचं की पुढं शिकायचं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका काकूंनी विषय काढला. त्यांच्या मुलीनं डी.फार्म. केलं, दोन वर्षांचा अभ्यास आणि पाचशे तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं, फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीही झाली. तेवढ्यात एका औषध दुकानदाराचा निरोप आला, "सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावू द्या. मुलीनं यायची गरज नाही. घरबसल्या दरमहा पैसे मिळतील." काकू मला म्हणाल्या, "ताई, तिच्या शिक्षणासाठी गटातून उचललेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. आलेले पैसे सोडायचे कसे?"

खरं सांगते, मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांचा हप्ता दर महिन्याला मीच वहीत लिहिते. पण कायदा स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. ती हजर नसताना कुणाला चुकीची गोळी गेली, तर जाब तिला विचारला जाईल. नोंदणी गेली तर सगळं शिक्षण पाण्यात. आणि हजार-दोन हजारांसाठी ती तिथंच अडकून पडेल, ते वेगळंच.

मग पुढं काय? याची माहिती मी त्या मुलीसोबत बसून काढली. ती तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, डी.फार्म. ही पदविका आहे, पदवी नाही. तेवढ्यावर एम.बी.ए. किंवा तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. म्हणून आधी बी.फार्म. करायचं. डी.फार्म. झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे चारऐवजी तीनच वर्षं लागतात. बी.फार्म. झालं की औषध निरीक्षक पदाची परीक्षाही देता येते.

त्यानंतर दुसरी पदवी. ती निवडताना मुलीला एकच प्रश्न विचारायचा, "तुला दिवसभर काय काम करायला आवडेल?" माणसांत वावरायला, व्यवहार सांभाळायला आवडत असेल तर एम.बी.ए. औषध कंपनीची विक्री, मोठ्या रुग्णालयाची औषध खरेदी, स्वतःचं दुकान, सगळीकडे ते कामी येतं. कागदपत्रं, नियम वाचायला आवडत असतील तर कायद्याची पदवी. औषधांचे परवाने आणि पेटंट या कामांत औषधही कळणारी आणि कायदाही कळणारी माणसं लागतात. गावाच्या आरोग्याचं काम करायचं असेल तर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. रुग्णालयात डॉक्टरांसोबत काम करायचं असेल तर बी.फार्म.नंतर तीन वर्षांचं फार्म.डी. एका औषधाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, कुणाला कशाचा त्रास झाला, हे बघणं त्यांचं काम.

दोन पदव्या एकदम करता येतात का? २०२२ पासून यूजीसीनं तशी मुभा दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणानं, असं चालतं. पण बी.फार्म.ला ऐंशी टक्के हजेरी लागते, प्रॅक्टिकल असतात. एलएल.बी. चालू असताना तर दुसरी नियमित पदवी करताच येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियम आहे. मी स्वतः घर आणि गटाच्या वह्या सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलंय. दोन्हीकडे ओढाताण झाली की अभ्यास मागं पडतो, हे मला माहीत आहे. म्हणून माझं मत, आधी बी.फार्म. नीट पूर्ण करा, मग नोकरी करता करता इग्नूसारख्या विद्यापीठातून एम.बी.ए. करा.

फी भरण्याआधी एक काम मात्र नक्की करा. त्या कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर दुसरी पदवी घेऊनही फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही.

काकूंच्या मुलीचं काय झालं? पुढच्या बैठकीत गटानं जुन्या कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवून दिली. मुलगी सध्या एका दुकानात स्वतः उभी राहून काम करते, पगार घेते आणि बी.फार्म.च्या प्रवेशाची कागदपत्रं जमवते. सर्टिफिकेट भिंतीवर आहेच, पण त्याखाली ती स्वतः उभी आहे.

तुमच्या गटात अशी एखादी लेक असेल, तर कर्ज देताना तिला एवढं जरूर विचारा, "पुढं काय शिकणार आहेस?"