पावसाचा नेम, माणसाचा नेम



जत तालुक्यात पावसाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आमच्याकडं पावसाचा काही नेम नाही.' पश्चिमेला शिराळ्यात झड लागलेली असते, तेव्हा इथं ढग येतात, सावली धरतात आणि कर्नाटकाकडं निघून जातात. हस्ताचा पाऊस झाला तर शाळू येणार, नाहीतर वर्ष ढकलायचं.

या 'नेम' शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. एक हा, भरवसा. दुसरा, गोफणीतून दगड सोडताना धरतात तो नेम; म्हणजे लक्ष्य. तिसरा, रोज न चुकता करायची गोष्ट. जगायचं कशासाठी, असा प्रश्न पडतो तेव्हा आपण दुसरा नेम शोधत असतो. तो सहसा शोधून सापडत नाही. मला वाटतं, तिसरा नेम धरला की दुसरा हळूहळू दिसायला लागतो.

याचा दाखला याच तालुक्यात आहे. जतच्या पूर्वेला उमदी हे गाव. तिथल्या देशपांडे घराण्यात 1843 साली भाऊसाहेब महाराज जन्मले. त्यांनी पुढं शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात इंचगेरीला मठ उभा केला. ते स्वतः संसारी होते आणि संसार सोडा असं त्यांनी शिष्यांना सांगितलं नाही. नामस्मरण करा, दासबोध वाचा, आणि हे रोज करा, एवढंच सांगितलं. या परंपरेत रोजच्या ध्यानाला 'नेम' असाच शब्द आहे.

त्यांच्याकडून 1901 साली जमखंडीच्या एका शाळकरी मुलानं नाम घेतलं. हेच पुढचे गुरुदेव रा. द. रानडे. ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, कुलगुरू झाले; पण नेम सुटला नाही.

भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज, मूळचे सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे मारुती कांबळी. मुंबईत त्यांचं विड्यांचं दुकान होतं. गुरू गेल्यानंतर 1937 साली ते घरदार सोडून निघाले, हिमालयाच्या ओढीनं. पण वर्षभरात परतले. त्याच मुंबईत, त्याच बायकामुलांत, विड्यांच्या त्याच धंद्यात. पुढं त्यांचं बोलणं ऐकायला खेतवाडीतल्या त्यांच्या माळ्यावर परदेशातून माणसं येत. उमदीत सुरू झालेली वाट विडीच्या दुकानातूनही गेली, ती अशी.

आता कुणी म्हणेल, रोज तेच करतो की आम्ही. घाण्याचा बैलही रोज तेच करतो. खरं आहे. म्हणून एक फरक ध्यानात घेऊ. बैलाला कुणीतरी जुंपलेलं असतं. नेम माणूस आपणहून घेतो. उन्हाळ्यात घागर घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाईला 'यातच अर्थ शोधा' असं सांगणं हा निर्दयपणा आहे. तिला आधी पाणी हवं. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबालाही उपदेश नको, कामाचा नीट मोबदला हवा. मजबुरीला नेमाचं नाव देऊ नये.

पण ज्याच्या हाती दिवसातली अर्धी घटका आहे, त्यानं ती नेमाला द्यावी. माडग्याळी मेंढ्या राखणारा एखादा धनगर संध्याकाळी कळप वाड्यात घेताना एकेका मेंढीवरून हात फिरवतो. काटा रुतला का, पाय दुखावला का, बघतो. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला विचारा, जगायचं कशासाठी? तो हसेल. त्याचं उत्तर त्याच्या हातात आलेलं असतं.

आपला नेम याहून मोठा असायची गरज नाही. म्हाताऱ्या शेजाऱ्याची रोज चौकशी करा. शेजारच्या पोराला पाढे शिकवा. लावलेल्या एका झाडाला सांडपाणी घाला. गोष्ट एकच असू द्या, पण ठरल्या वेळी आणि मन लावून करा. महिनाभर कसली अपेक्षा ठेवू नका. मध्ये एखादा दिवस चुकेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.

पावसाचा नेम आपल्या हातात नाही. आपला आहे. तो उद्या सकाळपासून धरा, एवढंच सांगतो.