जिवाणू राबतील, पण आधी सांडपाणी थांबवा
(चिकलठाणा येथील बैठकीतील भाषण)



2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 43 अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे जाहीर केले. त्यात तेव्हाचे औरंगाबाद होते. कारखाने आणि सुखना नदी, दोन्ही चिकलठाण्याच्या उशाशी. म्हणून हा प्रश्न आपला.

जिवाणूंनी जमीन शुद्ध होते म्हणतात. खरे किती? तेल, काही कीटकनाशके जिवाणू खाऊन संपवतात. धातू कोणालाच संपवता येत नाही. प्लेटिंगच्या कामातला सहा संयुजेचा क्रोमियम विषारी, पाण्यात विरघळणारा. काही बॅसिलस, स्युडोमोनास जिवाणू त्याचा तीन संयुजेचा क्रोमियम करतात. तो मातीला चिकटून बसतो, पिकात फारसा चढत नाही. त्यासाठी जिवाणूंना शेणखतासारखे खाद्य लागते. कॅडमियमचे असे होत नाही. तो पालकाच्या पानात चढतो. तेव्हा माती तपासून धातू कोणता ते कळल्याशिवाय जिवाणूंची बाटली विकत घेऊ नका.

आणि सांडपाणी चालूच राहिले तर जिवाणू बिचारे काय करणार? राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च घाण करणाऱ्याने द्यायचा. विष त्यांचे आणि खर्च आमचा, हे चालणार नाही!