चादरींचा हिशेब
(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सरकारी रुग्णालयातील रात्रपाळीची परिचारिका सकाळी घरी निघण्यापूर्वी पुढच्या पाळीला दोन गोष्टी सोपविते. एक म्हणजे अत्यवस्थ रुग्णांची माहिती, आणि दुसरी म्हणजे वॉर्डातील वस्तू. थर्मामीटर, कात्र्या, ट्रे, चादरी, ब्लँकेटे यांची मोजदाद होते, नोंदवहीत आकडा पडतो, त्याखाली सही होते. वॉर्डाच्या ‘डेड स्टॉक’ची जबाबदारी परिसेविकेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या इनचार्ज सिस्टरची. फाटलेली चादर तिला टाकून देता येत नाही. तिचे रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे चादर संपली हे कागदावर मान्य होईपर्यंत, ती चिंधी गाठोड्यात बांधून जपावी लागते. एखादी चादर रुग्णाबरोबर त्याच्या गावी गेली, तर भरपाईचा प्रश्न फिरून फिरून तिच्याच टेबलावर येतो.

सार्वजनिक मालमत्तेचा चोख हिशेब असावा, याविषयी समाजवादी कार्यकर्त्याचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, हा हिशेब तीन-चार वर्षे शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीने, रुग्णांना द्यावयाच्या वेळातून का ठेवावा? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के अधिक हव्यात. जिल्ह्याच्या रुग्णालयातील रात्रीचा वॉर्ड ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला हा निकष दुसऱ्या कोणा देशाचा वाटेल. एक चादर कमी भरली तर जाब विचारणारी नोकरशाही आठ परिचारिका कमी भरल्या तर कोणालाच जाब विचारीत नाही.

येथेच या साऱ्या नियमांचे मर्म आहे. ज्या गोष्टीवर परिचारिकेचा यत्किंचितही अधिकार चालत नाही, तिच्याबद्दलच तिला जबाबदार धरले जाते.

नाशिककरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट 2017 मध्ये येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात एका महिन्यात 55 अर्भके दगावली. एकेका उबपेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती. नव्या इमारतीचे काम झाडे तोडण्याच्या परवानगीवाचून अडले आहे, असे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एका पेटीत तीन जीव ठेवणारे हात परिचारिकांचे होते. चौथे बाळ आले तर ‘जागा नाही’ असे त्याच्या आईला सांगावयाचे की नाही, हे त्या क्षणी त्यांनाच ठरवावे लागत होते. परवानगीची फाइल मात्र त्यांच्या हाती नव्हती. 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब घटला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण मृत्युमुखी पडले. टाकी कोणी बसवावी, तिची देखभाल कोणाकडे द्यावी, हे ठरविताना कोणत्याही रुग्णालयात खाटेशेजारी उभ्या असणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने आणखी दोन आगी पाहिल्या. 9 जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या शिशू कक्षात दहा अर्भके गेली. वीजउपकरणात ठिणगी पडून आग लागल्याचा निष्कर्ष चौकशीतून निघाला. जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित करण्यात आले. पण कंत्राटी परिचारिकांची सेवा थेट समाप्त झाली. निलंबन आणि सेवासमाप्ती यांतील अंतर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि 11 रुग्ण दगावले. तीन दिवसांत पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी स्त्रीला आणि तीन परिचारिकांना. निष्काळजीपणा झाला असेल तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. त्यातून परिचारिकांना वगळावे असे कोणी म्हणत नाही. परंतु त्या इमारतीच्या वीजजोडणीवर आणि अग्निशमन व्यवस्थेवर ज्यांच्या सह्या हव्या होत्या, त्यांच्या दारापर्यंत पोलीस त्या तीन दिवसांत का पोहोचले नाहीत?

आता कंत्राटी परिचारिकेविषयी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील करार अकरा महिन्यांचा असतो. वर्ष पुरे होण्याआधी एखाद्या दिवसाचा खंड, आणि पुन्हा नवी नेमणूक. त्या एका दिवसात रुग्ण बरे होत नाहीत की प्रसूती थांबत नाहीत. वॉर्ड तोच, काम तेच, बाई तीच. थांबते ती फक्त तिची सलग सेवा. दहा-दहा वर्षे काम करून शासनाच्या दप्तरी ती दर वर्षी नव्याने जन्माला येते! गंमत अशी की, कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते म्हणून राबविणे ही अनुचित कामगार प्रथा होय, असे याच महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात लिहून ठेवले. जे खासगी गिरणीमालकाने केले तर अनुचित, तेच शासनाने केले की त्याला धोरण म्हणतात.

मे 2022 च्या अखेरीस राज्यातील परिचारिकांनी संप केला तो बाह्यस्रोतांमार्फत, सरळ मराठीत सांगावयाचे तर ठेकेदारामार्फत, होणाऱ्या भरतीविरुद्ध. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये ठेकेदार कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरण्याचा शासननिर्णय निघाला आणि जनक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. जुलै 2025 मध्ये परिचारिकांना पुन्हा संपावर जावे लागले. मागण्यांत वेतनत्रुटी होती, कायम भरती होती आणि कंत्राटीकरणाला विरोधही होता. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी संप सुरू केला, त्यात परिचारिकाही होत्या. तेव्हा विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांविषयीचे विधेयक तातडीने संमत केले. म्हणजे संपाच्या दिवशी तिची सेवा अत्यावश्यक, आणि नेमणुकीच्या दिवशी मात्र तात्पुरती.

खासगी रुग्णालयांची तऱ्हा निराळी. नोकरीवर घेताना बंधपत्र लिहून घ्यावयाचे आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवावयाची, या प्रथेविरुद्ध 2011-12 च्या सुमारास मुंबई-दिल्लीत परिचारिकांनी आवाज उठविला. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाच्या बरोबरीने वेतन द्यावे आणि पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही ते दरमहा 20,000 रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस केली. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत रुग्णालयांच्या पाट्या कमी नाहीत. त्यांपैकी किती ठिकाणी ही शिफारस पाळली जाते, हे कार्यकर्त्यांनी तेथील परिचारिकांनाच विचारावे. मात्र रुग्णालयाच्या आवारात विचारू नये.

नियम किती हास्यास्पद होऊ शकतात, याचा नमुना दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाने जून 2021 मध्ये दाखविला. परिचारिकांनी आपसांत मल्याळम बोलू नये, हिंदी वा इंग्रजीच बोलावे, नाहीतर कारवाई होईल, असे परिपत्रक निघाले. साथीच्या ऐन कहरात ज्यांनी ते रुग्णालय चालविले, त्यांच्या मातृभाषेवरच बंदी! दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्याची पाळी आली.

परंतु सगळेच नियम एका दिवसात मागे घेतले जात नाहीत. देवळालीच्या लष्करी रुग्णालयामुळे नाशिकला लष्करी परिचर्या सेवा अपरिचित नाही. या सेवेच्या 1977 च्या नियमांत नोकरी संपण्याची कारणे दिली होती: वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरणे, गैरवर्तन, कराराचा भंग, आणि त्यांच्याच पंक्तीला, विवाह. एका लेफ्टनंट परिचारिकेने लष्करी अधिकाऱ्याशीच विवाह केला आणि 1988 मध्ये तिची नोकरी गेली. नवऱ्याच्या नोकरीला त्या विवाहाची बाधा झाली नाही. 1995 मध्ये नियम रद्द झाला, पण त्या बाईंचा लढा चालूच राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने हा उघड लिंगभेद असल्याचे सांगून 60 लाख रुपये देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. मधल्या काळात ज्यांनी नोकरीसाठी विवाह टाळला किंवा विवाहासाठी मुकाट्याने नोकरी सोडली, त्यांचा कोणताही खटला नाही आणि म्हणून हिशेबही नाही.

परिचारिकेला रुग्णालयाविषयी काय कळते, असे विचारणाऱ्यांसाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयाची हकीकत पुरेशी आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्या रुग्णालयातच अत्याचार झाला. कपडे बदलण्यासाठी ती तळघरातील खोलीत गेली होती. त्या वेळी मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे ऐंशीच्या दशकात, वर्षानुवर्षे अडलेली खाट मोकळी व्हावी म्हणून तिला अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला. खाटांचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ते तर्काला धरूनच होते. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला बेत सोडावा लागला. मे 2015 मध्ये अरुणाचा मृत्यू होईपर्यंत पाळीमागून पाळी तिची शुश्रूषा करीत राहिली. तिला ओळखतही नसलेल्या, तिच्या नंतर नोकरीस लागलेल्या मुलींनी ती केली.

तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात एक काम हाती घ्यावे. प्रत्येक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात मंजूर परिचारिकांची पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि रात्रपाळीला प्रत्यक्षात किती जणी असतात, ही माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागवावी. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करावे. चादरींचा आकडा विचारण्याची गरज नाही. तो नोंदवहीत नक्कीच बरोबर असेल.