भरतकामाचें सॉफ्टवेअर : नवशिक्यानें कोणतें घ्यावें?

वसई-विरारकडे घरीं भरतकामाचें यंत्र आणणाऱ्या नवशिक्यापुढें पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. चित्र संगणकांत घातलें कीं टाके आपोआप नीट पडतात, हा समज महागांत पडतो. टाका कापड ओढतो व वर्तुळाचें लंबवर्तुळ होतें. म्हणून टाक्याच्या दिशेनें आकार किंचित् वाढवावा लागतो, भरणीखालीं आधाराचे टाके घालावे लागतात. हे फेरफार ज्यांत स्वहस्तें करतां येतात, तेंच सॉफ्टवेअर निवडावें. तत्पूर्वीं यंत्र कोणती फाइल वाचतें तें पाहावें : ताजिमाची डीएसटी कीं ब्रदरची पीईएस. विल्कॉमसारखीं व्यावसायिक सॉफ्टवेअरें महाग आहेत. इंकस्केपला जोडून चालणारें इंक-स्टिच विनामूल्य मिळतें. आरंभ त्यावर करावा, नमुना चिंधीवर काढावा आणि मगच गिऱ्हाइकाच्या साडीला सुई लावावी.