कॅल्शियम काढले आणि पेशी सुटल्या



शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर आपण इथे बोलणार आहोत. या विषयातली मला सर्वांत प्रिय हकिकत आधी सांगतो. ती खास विद्यार्थ्यांसाठी आहे.

१९७०च्या दशकात मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. पेशी सुट्या करायला दोन्हीकडे ट्रिप्सिनच वापरत. पण क्योटोत सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत, बाल्टिमोरच्या काही केल्या चिकटेनात. दुसरा कुणी नवी बाटली मागवून मोकळा झाला असता. ताकेइचींनी द्रावणात काय काय आहे ते पाहिले. बाल्टिमोरच्या द्रावणात ईडीटीए होते, आणि ते कॅल्शियम पकडून ठेवते. कॅल्शियम गेले की पेशीच्या पृष्ठभागावरचे चिकटण्याचे प्रथिन ट्रिप्सिनच्या तावडीत सापडते. हाच धागा धरून पुढे कॅडहेरिन हाती लागले.

या रेणूच्या बाहेरच्या भागात पाच खंड असतात. खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले की तो ताठ उभा राहतो आणि शेजारच्या पेशीवरच्या कॅडहेरिनमध्ये त्याचे टोक अडकते. आतली बाजू कॅटेनिनमार्फत अॅक्टिनच्या तंतूंशी बांधलेली. एकेक जोडी तशी कमकुवतच; पण अशा असंख्य जोड्या एकवटल्या की ऊती ताण सोसते.

ही पकड सुटली तर काय होते, ते इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वॉर्डात पाहिले आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लेइनविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. डेस्मोग्लेइनही कॅडहेरिनच्याच कुळातले. बऱ्याचदा आधी तोंडात व्रण होतात, मग अंगावर फोड येतात. वरून धड दिसणारी कातडी अंगठ्याने चोळली तरी सुटते. बायॉप्सीत तळाच्या पेशींची रांग जागेवर उभी दिसते आणि तिच्या वरच्या पेशी गोल होऊन मोकळ्या तरंगतात. रुग्णाला घास गिळता येत नाही, त्याचे कारण या स्लाइडवर डोळ्यांना दिसते. म्हणूनच प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांची सत्रे आम्ही मुद्दाम वेगळी ठेवलेली नाहीत.

या स्लाइड्स बाहेरच्या दालनात मायक्रोस्कोपखाली लावल्या आहेत. चहाच्या सुट्टीत जरूर पाहा; ज्येष्ठांना विनंती, विद्यार्थ्यांना आधी पाहू द्या.